मुखलक्षणे, सौंदर्य आणि बल : सारपरीक्षणाच्या दृष्टीने एक विवेचन

रुग्ण चिकित्सालयात प्रवेश करतो त्या क्षणी वैद्याची दृष्टी सर्वप्रथम त्याच्या मुखाकडे जाते. नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वी, प्रश्न विचारण्यापूर्वी, मुखाच्या दर्शनाने मनात एक मत तयार झालेले असते. हा माणूस धट्टाकट्टा आहे, हा दुबळा आहे, हिच्या मुखावर तेज आहे, असे निर्णय आपण नकळत करतो आणि पुढील सर्व परीक्षण बहुधा त्या पहिल्या मताच्या आधारानेच चालते. दर्शन परीक्षेचे महत्त्व शास्त्राने सांगितलेच आहे. परंतु मुखाचे दर्शन कोणत्या गोष्टीविषयी विश्वसनीय माहिती देते आणि कोणत्या गोष्टीविषयी फसवते, याचा विचार स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे. विशेषतः सौंदर्य आणि बल यांची गल्लत आपल्या व्यवसायात नित्य घडते.

प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक येथे प्रथम नमूद करतो. काही वर्षांपूर्वी पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण आईसह चिकित्सालयात आला. पायांत गोळे येतात, १६०० मीटर धावणे पूर्ण होत नाही, अशी तक्रार होती. मुख भरलेले, गाल गोल, वर्ण किंचित आरक्त. “पाच महिन्यांपूर्वी नुसती हाडं होती, आता कुठं अंग धरलंय,” असे आई समाधानाने सांगत होती. मुखाकडे पाहून मी रुग्णपत्रिकेत ‘मांससार, प्रवर बल’ अशी नोंद केली आणि वातशामक चिकित्सा दिली. दुसऱ्या भेटीत तो खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रोवून उठला, तेव्हा मला शंका आली. तपासणीत उदरावर जांभळट रुंद रेषा दिसल्या. खोदून विचारल्यावर त्याने खिशातून ‘वजनाच्या गोळ्यां’ची पट्टी काढली. त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. एका दुकानातून चिठ्ठीशिवाय, महिन्यामागून महिने ती घेतली जात होती. ज्याला मी मांसाचे सारत्व समजलो, तो मेदाचा संचय होता. आणि त्याच वेळी ऊरूंच्या मांसाचा क्षय चालू होता. या चुकीमुळेच प्रस्तुत विषयाचा पुन्हा अभ्यास करण्याची बुद्धी झाली.

संहितेतील विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आतुराच्या बलप्रमाणाचे ज्ञान व्हावे म्हणून प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशी दशविध परीक्षा सांगितली आहे. यांपैकी सारपरीक्षणात मुखाच्या अवयवांचा उल्लेख वारंवार येतो. तो बारकाईने वाचला असता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. मुखाला शोभा देणारी लक्षणे आणि बल सुचवणारी लक्षणे आचार्यांनी एकत्र केलेली नाहीत.

रक्तसार पुरुषाचे वर्णन पाहावे. कर्ण, नेत्र, मुख, जिव्हा, नासा, ओष्ठ, नख, ललाट ही स्थाने स्निग्ध, रक्तवर्ण आणि शोभायुक्त असतात. सामान्य माणूस ज्याला देखणेपण म्हणतो, ते बहुतांशी हेच. परंतु अशा व्यक्तीला सुख, मेधा व मनस्विता यांचा लाभ सांगताना आचार्य तिच्या सौकुमार्याचाही निर्देश करतात. तिचे बल फार नसते, क्लेश व उष्णता तिला सोसत नाहीत, असे स्पष्टपणे सांगितले आहे. म्हणजे शोभा आहे, पण बल बेताचे.

मांससार पुरुषात मात्र शंख, ललाट, कृकाटिका, गंड, हनू, ग्रीवा, स्कंध, वक्ष इत्यादी प्रदेश गुरू, स्थिर आणि मांसाने उपचित असतात. येथे बल, आरोग्य आणि दीर्घायुष्य यांचा निर्देश आहे, पण सौंदर्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. अस्थिसारात चिबुक, शिर, दंत यांची स्थूलता सांगून उत्साह, क्रियाशीलता व क्लेशसहत्व हे फल सांगितले आहे. शुक्रसार पुरुषात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. त्याची दृष्टी सौम्य असते, नेत्र जणू दुधाने भरलेले असतात, दंत स्निग्ध व सुसंहत असतात. तो प्रिय वाटतो आणि बलवानही असतो.

येथे ‘स्थिर’ या विशेषणाकडे विशेष लक्ष द्यावे. मांससाराच्या लक्षणात केवळ उपचय सांगितलेला नाही, स्थैर्यही सांगितले आहे. उपचय डोळ्यांना दिसतो; स्थैर्य स्पर्शाने कळते. माझी चूक नेमकी येथे झाली होती. उपचय पाहिला, स्थैर्य तपासले नाही.

सारवर्णन संपल्यानंतर आचार्यांनी वैद्याला दिलेला इशारा तर आजही चिकित्सालयाच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचा आहे. केवळ शरीर पाहून हा पुष्ट म्हणून बलवान, हा कृश म्हणून अल्पबल, हा महाशरीर म्हणून महाबल, असा समज करून घेतल्यास वैद्य फसतो. अल्पशरीर आणि कृश असूनही काही जण बलवान दिसतात, आणि त्याला दृष्टांत दिला आहे तो स्वतःपेक्षा मोठा भार वाहणाऱ्या मुंगीचा. यास्तव परीक्षण साराने करावे, आकाराने नव्हे.

या दृष्टांताचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण म्हणजे कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो वजनाच्या गटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. केवळ आकारावरून बल ठरवणाऱ्याने त्यांना प्रवर बलाच्या पंक्तीत बसवले असते काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्ष

गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञ व मानववंशशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न मोजमापाच्या साहाय्याने तपासला. त्यांचे निष्कर्ष आपल्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

२००७ साली फिंक, नीव्ह व सायडेल यांनी ३२ पुरुषांच्या मुठीची ताकद मोजली आणि त्यांच्या मुखाची छायाचित्रे स्त्रियांना दाखवून मते घेतली. ज्यांची पकड बळकट, त्यांची मुखे अधिक प्रभावी, अधिक पुरुषी आणि अधिक आकर्षक ठरली. २००९ साली आरोन सेल व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांपासून बोलिव्हियातील चिमाने जमातीपर्यंत निरनिराळ्या समाजांतील व्यक्तींची छायाचित्रे वापरली. केवळ मुख पाहूनही निरीक्षकांना ऊर्ध्वशरीराच्या बलाचा अंदाज योगायोगापेक्षा बराच अचूक करता आला. पुरुषांच्या बाबतीत हा अंदाज स्त्रियांच्या तुलनेने अधिक जुळला. विंडहागर व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात बलवान पुरुषांच्या मुखात गोलाई, रुंद भुवया आणि ठळक हनू ही लक्षणे आढळली. गंड व हनू यांच्या उपचयाचा सारवर्णनात येणारा उल्लेख येथे सहज आठवतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १९९८ साली पेरेट व सहकाऱ्यांनी स्कॉटलंड व जपान येथे केलेल्या प्रयोगात पुरुषांची मुखे संगणकाने अधिक पुरुषी केली असता ती अधिक आकर्षक वाटतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निरीक्षकांनी किंचित सौम्य केलेली मुखे पसंत केली. रुंद हनू बल सुचवते, पण तीच सर्वांना सुंदर वाटते असे नाही. शुक्रसाराच्या वर्णनात बलाबरोबर सौम्यता का सांगितली असावी, याचा विचार करण्यास हा प्रयोग प्रवृत्त करतो.

त्याच वर्षी कॅलिक व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास वैद्यांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. किशोरवयीन व्यक्तींच्या छायाचित्रांना मिळालेले सौंदर्याचे गुण त्यांच्या तेव्हाच्या वा पुढील आयुष्यातील आरोग्याशी जुळले नाहीत. इतकेच नव्हे, तर देखणी व्यक्ती निरोगी असलीच पाहिजे या समजामुळे निरीक्षकांचा आरोग्याविषयीचा अंदाज चुकत होता. सौंदर्य येथे आवरणासारखे काम करते. मुखाच्या रुंदी व उंचीच्या गुणोत्तरावरून स्वभाव सांगण्याचाही काही काळ बराच गाजावाजा झाला. परंतु २०१७ साली मायकेल कोसिन्स्की यांनी १ लाख ३७ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर केलेल्या अभ्यासात असा संबंध जवळजवळ आढळलाच नाही.

मग मुख विश्वसनीयपणे काय सांगते? ते मुख्यत्वे वर्तमान अवस्था सांगते. २०१० साली स्वीडनमधील अॅक्सेलसन व सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींची पूर्ण निद्रेनंतर आणि जागरणानंतर छायाचित्रे घेतली. जागरणानंतरची मुखे अधिक थकलेली, कमी निरोगी आणि कमी आकर्षक वाटली. २०१८ साली याच संशोधकांनी कृत्रिमरीत्या सौम्य ज्वरसदृश अवस्था निर्माण केलेल्या व्यक्तींची छायाचित्रे दाखवली, तेव्हा फिकट ओठ, फिकट त्वचा, जड पापण्या आणि उतरलेले ओठांचे कोपरे यांवरून निरीक्षकांना आजारी व्यक्ती ओळखता आल्या. अस्थींची घडण म्हणजे जन्मजात आकृती. वर्ण, प्रभा आणि नेत्रांचे तेज मात्र आजचे शरीर सांगतात. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात वर्ण, छाया आणि प्रभा यांचा इतका सूक्ष्म विचार का केला, हे यावरून उमजते.

फसवी मुखे

व्यवहारात वैद्याची फसगत करणारी काही मुखे पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची ओळख ठेवणे हितावह आहे.

पहिले मुख स्टेरॉइडजन्य. पूर्णचंद्रासारखे गोल, गाल भरलेले, वर्ण आरक्त. बाह्यतः हे पुष्टीचे चित्र. परंतु हातपाय तुलनेने बारीक आणि कटी व ऊरू यांचे मांस क्षीण असते. जिना चढणे, उकिडवे बसून उठणे कठीण होते. या विकारात मुठीची पकड बराच काळ टिकून राहू शकते; म्हणून केवळ हाताची पकड पाहून समाधान मानू नये.

दुसरे मुख पांडू रुग्णाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त होत्या. अशा मुलीची फिकट कांती घरच्यांना ‘उजळ रंग’ वाटते आणि लग्नाच्या बाजारात ती गुण ठरते. पायऱ्या चढताना धाप लागते, हे कोणी पाहत नाही. नेत्रवर्त्म, जिव्हा व नख पाहिल्याशिवाय गौरवर्णाची प्रशंसा वैद्याने तरी करू नये.

तिसरे मुख रुंद हनूचे. सुपारी, मावा वा खर्रा सतत चघळणाऱ्यांत, तसेच झोपेत दात खाणाऱ्यांत चर्वणाच्या पेशी वाढून जबडा रुंद दिसू शकतो. तो व्यायामाचा पुरावा नव्हे. उलट अशा व्यक्तीचे मुख पुरेसे उघडते की नाही, हे अवश्य पाहावे. कारण सुपारीमुळे मुखाच्या आतील श्लेष्मल त्वचा कठीण होण्याचा विकार पुढे कर्करोगाची भूमी ठरू शकतो.

चौथे मुख अस्थींच्या विकृत वृद्धीचे. पीयूषिका ग्रंथीच्या अर्बुदामुळे प्रौढ वयात हनू पुढे येते, भुवयांच्या कडा उंचावतात, जिव्हा जाड होते, दातांत फटी पडतात. पहिल्या दृष्टीला हे अस्थिसाराचे मुख भासते. फ्रेंच मल्ल मॉरिस टिले (१९०३-१९५४) याच विकाराने ग्रस्त होते आणि त्यांच्या मुखाची भव्यता हेच त्यांच्या कीर्तीचे कारण ठरले. परंतु हा विकार वाढत जाता मांसदौर्बल्य, संधिशूल आणि हृद्रोग उत्पन्न करतो. पूर्वीच्या छायाचित्राशी तुलना करणे आणि अंगठी किंवा पादत्राणाचे माप बदलले काय, हे विचारणे, एवढ्यानेही शंका घेता येते.

याउलट एक प्रामाणिक लक्षणही आहे. शंखप्रदेश खोल जाणे. चर्वणाची एक मोठी पेशी तेथे असते. दीर्घ व्याधी, क्षय, कर्करोग वा वार्धक्यातील अपतर्पण यांत ती क्षीण होते आणि शंखास्थीची कड उठून दिसते. आधुनिक पोषणपरीक्षणातही हा प्रदेश मुद्दाम पाहिला जातो. मांससाराच्या वर्णनात शंखप्रदेशाचा निर्देश आरंभीच येतो, हे ध्यानात घ्यावे. तसेच कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या मल्लाचा जाड व वाकडा झालेला कान हेही लक्षणच आहे. परंतु ते जन्मजात बलाचे नव्हे. घर्षणाने व आघाताने कर्णात रक्त साचून ते घट्ट झाल्याची ती खूण असते. वर्षानुवर्षांच्या मेहनतीची ती साक्ष होय.

चिकित्सालयात उपयोजन

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१) मुखदर्शनाने झालेले मत लगेच रुग्णपत्रिकेत लिहू नये. ते मनात ठेवून त्याची परीक्षा करावी.

२) शंख, गंड, हनू, ग्रीवा व स्कंध यांचा उपचय डोळ्यांनी पाहावा आणि स्थैर्य हाताने तपासावे. शिथिल उपचय मेदाचा वा शोथाचा समजावा.

३) व्यायामशक्ती ही कर्मशक्तीवरून जाणावी, असे चरकाचार्य सांगतात. त्यासाठी हात न टेकता खुर्चीतून सलग पाच वेळा उठण्यास सांगावे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली १२ सेकंद वा त्याहून अधिक काळ लागणे हे दौर्बल्याचे चिन्ह मानले. हे गमक मुख्यतः वृद्धांसाठी आहे. तरुणाला हात टेकावे लागणे हे तर त्याहून अधिक शंकास्पद.

४) शक्य असल्यास मुष्टिबलमापक ठेवावा. उपरोक्त गटाने पुरुषांत २८ किलो व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड क्षीण ठरवली. भारतासह १७ देशांतील १,३९,६९१ व्यक्तींचा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पकड दर ५ किलोने कमी होताच मृत्यूची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळली. हे संबंधाचे निदर्शक आहे, कारणाचे नव्हे. तथापि बलाचे मोजमाप किती मोलाचे आहे हे त्यावरून कळते.

५) स्टेरॉइडचा संशय आल्यास ते एकाएकी बंद करण्यास कदापि सांगू नये. दीर्घकाळ बाहेरून मिळालेल्या औषधामुळे अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. अचानक बंद केल्यास प्राणसंकट ओढवू शकते. अशा रुग्णाला त्वरित योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखाली क्रमाने कमी व्हावी. वर उल्लेखिलेल्या तरुणाच्या बाबतीत हेच केले. त्याच्या मुखाची गोलाई ओसरली तेव्हा घरचे काळजीत पडले; परंतु काही महिन्यांनी तो हात न टेकता उठू लागला.

औषधालयाच्या चालकांस विनंती

गाल भरणे, रंग उजळणे, अंग धरणे या मागण्या घेऊन येणारा ग्राहक आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला बल हवे असते, पण तो सौंदर्य मागतो. आणि झटपट दिसणारा फरक हाच त्याच्या दृष्टीने गुणाचा पुरावा असतो. डेक्सामेथासोनसारखी औषधे अनुसूची एचमध्ये आहेत आणि चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री निषिद्ध आहे. २०१८ साली अनेक स्टेरॉइडयुक्त मलमेही याच अनुसूचीच्या कक्षेत आणली गेली. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात उंची व स्थौल्य यांचा, तर औषध नियमांतील अनुसूची जेमध्ये त्वचेच्या गौरवर्णाचा निर्देश आहे. फलकावर वा पत्रकावर असे दावे छापण्यापूर्वी हे अवश्य वाचावे. निनावी चूर्णे व पुड्या, ज्यांनी तीन दिवसांत भूक वाढते, सांधे मोकळे होतात आणि महिन्यात गाल भरतात, त्यांविषयी तर विशेष सावध असावे. असे चूर्ण आयुर्वेदाच्या नावावर खपते आणि त्याचा दोषही आयुर्वेदाच्याच माथी येतो.

बृंहण द्रव्यांविषयीही सत्य तेवढेच सांगावे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ पुरुषांपैकी एका गटाला अश्वगंधेचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा आठ आठवडे दिला गेला. त्या गटाचे बल तुलनेच्या गटापेक्षा अधिक वाढले. परंतु दोन्ही गटांतील पुरुष त्या काळात नियमित भारव्यायाम करीत होते. डबी विकताना हा भाग सांगितला नाही, तर अर्धे सत्यच विकले जाते.

समारोप

बल सहज, कालज आणि युक्तिकृत असे त्रिविध सांगितले आहे. मुखाची घडण बहुतांशी सहज आहे. ती बदलणे वैद्याच्या हाती नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आहार, निद्रा व व्यायाम यांच्या योजनेने मिळणारे युक्तिकृत बल मात्र आपल्या हाती आहे, आणि त्याचे प्रतिबिंब मुखावर उमटल्याशिवाय राहत नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामाचे फल सांगताना कांती, गात्रांची सुविभक्तता आणि क्लेश सोसण्याची क्षमता यांचा एकत्र निर्देश आहे. त्याची मर्यादाही तेथेच आहे. मुखाने श्वास घ्यावा लागू लागला की अर्धी शक्ती खर्च झाली, तेथे थांबावे. म्हणजे किती व्यायाम पुरे, हेही अखेर मुखच सांगते.

मुख हे बलाचे द्वार आहे, प्रमाणपत्र नव्हे. ते पाहून परीक्षणास आरंभ करावा; परीक्षण तेथेच संपवू नये.